कंदिलाची काच आणि सायन्सचा फॉर्म

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, तेव्हा ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्यानं रागावू नये. आमचे गुरुजी म्हणायचे, गयाच्या पाटीवर मुंग्यांची रांग सुटलेली असते. आता हातही थरथरतो, त्यामुळे मुंग्या जास्तच पांगल्या आहेत. वही नातीची आहे, अर्धी वापरून टाकलेली प्रयोगवही. तिच्यात एका बाजूला रेघांचं पान असतं आणि दुसऱ्या बाजूला आकृतीसाठी कोरं पान. मी रेघांवरच लिहिते. कोरी पानं कोरीच सोडते, आकृती मला येत नाही. दुपारी सगळे कामाला गेले की पलंगावर बसते, आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की वही उशीखाली सारते. या वयात लाजायचं काय, पण स्वभाव आहे.

प्रयोगवही हातात आल्यामुळेच हे आठवलं. माझी धाकटी बहीण सुजाता सायन्सला गेली, तेव्हा तिच्याकडे अशीच वही होती. ती सायन्सला कशी गेली ते आमच्या घरात आता मला आणि तिलाच माहीत आहे, आणि ती सांगताना माझी बाजू जरा जास्तच चांगली करून सांगते. म्हणून मी लिहिते.

आमचं घर चुडाव्याला, स्टेशनच्या अलीकडे वस्तीत. दादा, म्हणजे आमचे वडील, गवंडी होते. दिवसभर लोकांची घरं बांधायचे आणि आमच्या घराची मागची भिंत मात्र सात-आठ वर्षं अर्धीच होती. माय त्याच्यावरून त्यांना बोलायची. "गावाला भिंती आन् आमाला पऱ्हाट्यांचा कूड," म्हणायची. दादा हसून म्हणायचे, "कुडातून वारा तरी येतोय का न्हाई?" कापसाच्या काटक्यांच्या त्या कुडातून वारा यायचा आणि त्याच्याबरोबर गाडीचा आवाजही. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. पूर्णेकडून येताना ती लांब शिट्टी द्यायची, मग माय भाकरी थापायला बसायची, कारण त्या गाडीनंतर तासाभरात दादा कामावरून येत. आमच्या चुलीचं घड्याळ ती गाडीच होती. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि दगडी उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. अंबाडीची भाजी शिजताना तिचा आंबट वास वस्तीच्या तोंडापर्यंत जायचा. आज घरात गॅस आहे, मिक्सर आहे, पण चटणी मिक्सरमध्ये केली की तिचं पीठ होतं. उखळातल्या चटणीत दाणा दाताखाली यायचा.

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. माय रोजानं शेतात जायची आणि सुजाता तेव्हा रांगत होती, तिला कुणीतरी सांभाळायचं होतं. त्याचं मला तेव्हा फार दुःख झालं असं म्हणणार नाही. पाटी गेली आणि कडेवर पोरगी आली, एवढंच. तीच पोरगी पुढं शाळेत जाऊन आली की मी तिच्या पुस्तकातले धडे वाचायची. त्यामुळे मला वाचता येत राहिलं आणि तिला, मला समजावून सांगता सांगता, पाठ होत राहिलं.

सुजाता हुशार होती, पण तिच्या हातात वस्तू टिकत नसे. कपबशी, मायच्या बांगड्या, माठ, काहीही. ती चालताना विचार करायची आणि विचार करताना हात विसरायची. आणि सगळ्यात जास्त तिनं कंदिलाच्या काचा फोडल्या. आमच्या वस्तीत लाइट फार उशिरा आली, तोवर कंदील होता. दर महिन्या-दीड महिन्याला दुकानातून नवीन काच आणायची वेळ यायची. दुकानदार सुजाताला लांबून पाहूनच काच काढून ठेवायचा. शेवटी मायनं कंदिलाचं काम माझ्याकडे दिलं. मी कितीतरी वर्षं रोज ती काच पुसली आणि माझ्या हातून एकही फुटली नाही. घरात माझं कौतुक करण्यासारखं तेवढंच होतं आणि ते मला आवडायचं.

सुजाता दहावी झाली. मार्क इतके पडले की हायस्कूलचे सर स्वतः घरी आले. मायनं मुरमुरे भिजवून पोह्यांसारखा सुशीला केला, वरून कोथिंबीर आणि लिंबू, आणि सरांना पितळी ताटलीत दिला. सर खाता खाता म्हणाले, "मिस्त्री, पोरीला सायन्सला घाला. परभणीला. आर्टला घालून हिचे मार्क वाया घालवू नका."

दादा म्हणाले, "सायन्स म्हंजी नेमकं काय आसतंय सर?"

सरांनी सांगितलं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित. सकाळी वर्ग आणि दुपारी प्रयोगशाळा. तिथं काचेच्या नळ्या असतात, काचेची भांडी असतात, त्यात औषधं ओतून प्रयोग करायचे. मग म्हणाले, "फी आपल्याला माफ हाय. फक्त प्रयोगशाळेचं डिपॉझिट रोख भरावं लागतंय, पन्नास रुपये. पोरांनी काच फोडली तर त्यातून कापून घेतात. न्हाई फोडली तर दोन वर्षांनी सगळे परत."

एवढं ऐकून दादांनी ताटली खाली ठेवली आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. माय पदरात तोंड लपवून हसत होती. शेजारच्या कोंडामावशी दारातच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आवो सर, ही पोरगी तुमचं कॉलेज रिकामं करील. काचंचं एक भांडं ठेवायची न्हाई." सुजाता कोपऱ्यात उभी होती. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येऊन थांबलं होतं आणि ती खालचा ओठ चावत होती. लहानपणी कडेवरून खाली ठेवलं की ती अगदी असंच करायची.

दादांनी ते पाहिलं. त्यांची एक पद्धत होती. कामावर नवीन माणूस आला की ते त्याला लगेच ठेवत नसत. आठ दिवस त्याचा हात बघायचे. त्याच्या हाती ओळंबा द्यायचे, दोरी द्यायचे, आणि काही न बोलता नुसतं पाहायचे. "तोंड काय बी सांगतंय, हात खोटं बोलत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. ते सरांना म्हणाले, "फॉर्म भरायला किती दिवस हायत?" सर म्हणाले, पंधरा. "मंग पंधरा दिवस कंदील सुजीकडं. गयानं हात लावायचा न्हाई. काच टिकली तर सायन्स. फुटली तर पूर्णेला आर्ट, सकाळी जाऊन दुपारच्या गाडीनं घरी. कबूल?"

सुजाता म्हणाली, "कबूल."

सरांना ते पटलं नाही, पण दादांच्या पद्धतीपुढं ते काय बोलणार. फॉर्म ठेवून गेले. कोरा फॉर्म, शाखा लिहायची जागा मोकळी. मायनं तो देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या फोटोमागं, ठेवला.

मी तिला शिकवलं. काच गरम असताना हात लावायचा नाही, आधी तिला तिच्या वेळेनं निवू द्यायचं. पाण्यानं धुवायची नाही. चुलीतली राख चाळून घ्यायची, खडा राहिला तर ओरखडा पडतो. तोंडानं आत वाफ सोडायची. मग मऊ फडकं हाताला गुंडाळून हात आत घालायचा आणि हात फिरवायचा नाही, काच फिरवायची. "आक्का, हे तर सरांनी सांगितलेल्यापरीस आवघड हाय," ती म्हणाली. पहिले दोन दिवस काच तिच्या हातातून इतक्यांदा निसटू पाहत होती की मीच डोळे मिटून घेतले. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं विचार करणं थांबवलं. आठव्या दिवशी ती पुसता पुसता मला धडा म्हणून दाखवू लागली. दादा ओट्यावर बसून बिडी ओढत आणि न पाहिल्यासारखं पाहत.

आता खरं लिहायचं तर मला त्या दिवसांत नुसता आनंद नव्हता. ती आर्टला गेली असती तर दुपारी घरी आली असती. पाणी भरायला, गोवऱ्या थापायला, आणि मुख्य म्हणजे बोलायला कुणीतरी असतं. सायन्सला गेली तर परभणीच्या वसतिगृहात राहणार. आणि कंदील तिला इतका छान जमायला लागला की घरात कुणी मला विचारेना. कोंडामावशी एकदा म्हणाल्या, "गयापरीस हीच चांगली पुसायली गं." त्या थट्टेनं म्हणाल्या, मला मात्र ते टोचलं. सोळा वर्षांच्या पोरीचा हेवा तिला कडेवर वाढवलेल्या बहिणीनं करावा, आणि तोही कंदिलावरून. आज लिहिताना हसू येतं.

पंधरावा दिवस उजाडला. सुजाता हायस्कूलात दाखला आणायला गेली. माय शेतात, दादा कामावर. मी घर झाडत होते. कंदील खुंटीला होता आणि सकाळचं ऊन कुडातून आत येऊन नेमकं काचेवर पडलं होतं. त्यात मला एक डाग दिसला. बोटाचा ठसा असावा, सुपारीएवढा. माझ्या हातची काच असती तर असा डाग राहिला नसता. मला वाटलं, एवढा एक पुसून टाकू, कुणाला कळतंय. दादांनी हात लावू नको म्हटलेलं मला आठवत होतं. तरी मी काच काढली, राख घेतली, फडकं शोधायचा कंटाळा केला आणि नुसता हात आत घातला, आणि काचेऐवजी तोच फिरवला. काच लहान आवाज करून फुटली. इतकी लहान की शेजारच्या कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या बेचक्यात मला कापलं. मी चिंधी बांधली, तुकडे सुपात गोळा केले आणि हात पदराखाली घेऊन तशीच बसून राहिले.

माय दुपारी आली, तिनं सूप पाहिलं. "फोडलीच का गं तिनं? शेवटच्या दिवशी?" आणि मी काही बोलले नाही. नुसतं नाही म्हणायचं होतं. मला कुणासमोर बोलायची सवय नव्हती हे खरं, पण माय काही कुणी नव्हे. त्या दुपारी मी लाजेमुळे गप्प बसले नव्हते, एवढं मी इथं लिहून ठेवते.

दिवेलागणीला सगळे जमले. दादा आले, फॉर्म भरून द्यायला सर आले, कोंडामावशी तर होत्याच. सुजाता दाखला घेऊन पळतच आली आणि दारात थांबली. कंदिलाऐवजी रॉकेलची चिमणी धूर ओकत होती. दादा सूप पुढं सरकवून म्हणाले, "सुजे, हे काय हाय?"

"मी न्हाई फोडली दादा. सकाळी मी नीट ठेवून गेले."

"मंग काय मांजरानं पुसली?" कोंडामावशी म्हणाल्या.

सुजाता माझ्याकडे पाहायला लागली. मी खाली पाहिलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "आसंल. माज्याच हातून चिरली आसंल सकाळी, मला कळलं नसंल. लिवा सर, आर्ट लिवा."

तिला स्वतःलाच खरं वाटलं होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं ना, तुझ्या हातात टिकत नाही म्हणून. सरांनी पेनाचं टोपण काढलं. ते टोपण काढल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी म्हणाले, "काच म्या फोडली."

परक्या पुरुषासमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. माय म्हणाली, "गप बस गया. तिला पाठीशी घालू नको." दादा म्हणाले, "तू आन् काच फोडणार?" सरसुद्धा समजुतीनं म्हणाले, "बाई, बहिणीवर माया आसावी, पण खोटं कामून बोलायलीस?" म्हणजे इतक्या वेळानं मी खरं बोलले आणि ते कुणी खरं मानायला तयार नाही. मला रडू यायला लागलं आणि त्या रडण्यात रागही आला. मी चिंधी सोडली आणि हात दादांच्या पुढं धरला. "हात खोटं बोलत न्हाई म्हणता ना? बघा मंग."

दादांनी चिमणी जवळ ओढली. माझा हात उलटा केला, सुलटा केला. नवीन मजुराचा हात पाहावा तसा पाहिला. मग म्हणाले, "बाहेरून धरली आसती तर बोटाला लागलं आसतं. ह्ये आत हात घालून पुसताना लागलंय. फडकं बी नव्हतं हाताला." सुजाता माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटलं आता ही मला कधीच माफ करणार नाही. तर ती काय म्हणाली? "आक्का, हळद लावलीस का?"

दादांनी सरांकडे पाहून मान हलवली. "सर, मंग आसं करा. गयाला सायन्सला घालू नका, तिच्या हातात काच टिकत न्हाई. सुजीला घाला."

सगळे हसले. कोंडामावशींना तर बसावं लागलं. मीही हसले. ती थट्टाच होती, पण हसताना एक क्षण मला असं वाटून गेलं की फॉर्म माझाही होता आणि मी नापास झाले. तो एक क्षणच. मग सर विचारायला लागले, "गणित ठेवायचं का जीवशास्त्र?" आणि सुजाता म्हणाली, "दोनी." दादांनी घाबरून विचारलं, "दोनी घेतलं तर डिपॉझिट बी दोनदा का?" सर म्हणाले, एकदाच. त्यांनी चिमणीच्या उजेडात रकाना भरला. फॉर्मच्या कोपऱ्यावर थोडी काजळी पडली, ती मी फुंकली, पुसली नाही.

डिपॉझिटचे पैसे मी दिले. कापूस वेचून साठवलेले, डालड्याच्या डब्यात, पैंजणासाठी. दादा नको म्हणाले. मी म्हणाले, "काच म्या फोडली, मंग काचंचे पैसे बी म्याच देते." कोंडामावशी म्हणाल्या, "कॉलेजात गेलेला पैसा परत येतोय व्हय? पैंजण गेलं तुझं." त्याच सुमारास विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून नामांतराचा बंद होता आणि एस.टी. निघेना. त्या वर्षांत आमच्या लोकांना रस्त्यावर निघताना मागं-पुढं पाहूनच निघावं लागे. मायला भीती वाटत होती. दादा म्हणाले, "नाव आज ना उद्या लागंल. पर आत बसून शिकणारं बी कुणी आपलं पायजे ना?" आणि दादा, सुजाता आणि मी पहाटेच्या गाडीनं परभणीला गेलो. खिडकीवरच्या क्लार्कनं पैसे घेतले आणि गुलाबी पावती दिली. "सांभाळा. पावती न्हाई तर पैसे न्हाई." दादांनी ती माझ्या हातात दिली. "हिच्याकडं ऱ्हाऊ द्या. ही काच सोडून सगळं सांभाळती."

पुढची दोन वर्षं सुजाता सुट्टीला आली की तिच्या बोटांवर काळे डाग असायचे, कसल्या तरी औषधाचे. माय ते राखेनं घासायची आणि ते जायचे नाहीत. ती मला भांड्यांची नावं सांगायची. चंचुपात्र हे नाव मला फार आवडलं होतं. एखाद्या पाखरानं चोचीनं प्यावं असं भांडं वाटायचं. तिच्या टेबलावरची पोरं घाईत नळ्या फोडायची आणि ती म्हणायची, आधी निवू द्या, तिच्या वेळेनं निवू द्या. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, घरी शिकले.

मधल्या काळात माझं लग्न राणीसावरगावला झालं. पावती माझ्या पेटीत, लुगड्याच्या घडीत आली. बारावीचा निकाल लागल्यावर सुजाता ती न्यायला आली. कॉलेजात क्लार्क म्हणाला, वर्गात पुष्कळ फुटलं, सगळ्यांचे थोडे थोडे कापणार. ती म्हणाली, माझ्या नावापुढं काय फुटलं ते रजिस्टरात दाखवा. तो म्हणाला, उद्या या. ती उद्या गेली. पुन्हा गेली. एवढ्याशा पैशासाठी एवढ्या चकरा कशाला, असं दादांनीही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. शेवटी बाईंनी स्वतः रजिस्टर उघडून क्लार्कसमोर ठेवलं. दोन वर्षांची पानं, आणि तिच्या नावापुढचा रकाना कोरा.

ती आली तेव्हा मी अंगणात ज्वारी निवडत होते. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि दहा-दहाच्या पाच नोटा माझ्या सुपात ठेवल्या. आमच्या सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "कसलं पैसं गं?" त्या घरात मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. मी नोटा मोजल्या, मग मान वर केली.

"सायन्सचे," मी म्हणाले. "माझे हायत. एक रुपया बी कमी न्हाई."